दोन धबधब्यांच्या मधला दिवस

आमच्याविषयी शाळेत एक गोष्ट सांगितली जाते. भूगोलाचे सर एकटेच गोकाकच्या डोंगरात गेले, दिवसभर उन्हातून चालले आणि संध्याकाळी धबधब्यावर पोहोचले, अशी ती गोष्ट. पुढच्या पुढच्या वर्गांत तिला पाय फुटले. एका आवृत्तीत आम्हाला बिबट्या भेटतो. दुसरीत आम्ही रात्र गुहेत काढतो. आम्ही निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली, तरी परवा भाजी मार्केटात एका माजी विद्यार्थ्याने आपल्या मुलाला आमची ओळख करून देताना बिबट्याच सांगितला. मुलाने आमच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही. पोरगे हुशार आहे.

मुखपत्राच्या संपादक बाईंनी या अंकासाठी ती सफर लिहून द्या म्हणून निरोप पाठवला तेव्हा आम्ही आधी टाळाटाळ केली. कारण ही गोष्ट आम्ही आजवर अर्धीच सांगितलेली आहे. बिबट्या आम्ही घातलेला नाही, पण जे घडले त्यातला एक तुकडा आम्ही काढून ठेवला होता. तो आज जागच्या जागी ठेवतो. (एकट्याने केलेल्या प्रवासाला 'आम्ही' कशाला, असे कोणी विचारील. तीस वर्षांहून अधिक काळ वर्गासमोर उभे राहून बोलल्यावर 'मी' म्हणायला जीभ वळत नाही, एवढेच.)

सुरुवात झाली ती आठवीच्या वर्गात. फळ्यावर जिल्ह्याच्या नद्या काढणे चालू होते. कंग्राळीचा एक मुलगा उठून म्हणाला, "सर, आमची मार्कंडेय पुढं जात्या कुठं ओ?"

"गोकाकजवळ घटप्रभेला मिळते," आम्ही सांगितले.

"तुम्ही बघितलासा काय?"

वर्ग हसला. आम्हीही हसलो. बघितले नव्हते. नकाशात बघून तीस वर्षे शिकवले होते.

मार्कंडेय म्हणजे बेळगावकरांच्या घरातली नदी. बैलूरच्या बाजूच्या डोंगरात ती उगम पावते, राकसकोपला तिचे पाणी अडवलेले आहे आणि त्या तलावाचे पाणी शहराच्या नळाला येते. उरलेली नदी हिंडलगा, कंग्राळी, काकतीच्या शिवारांतून पुढे जाते. शहराला दुसरे पाणी येते ते हिडकलच्या धरणातून, म्हणजे चंदगडकडून येणाऱ्या घटप्रभेचे. आपल्या माठात या दोन नद्यांचे पाणी असते. पुढे दोघीही गोकाकच्या डोंगरात शिरतात आणि दोघीही तिथल्या कड्यांवरून उड्या घेतात. मार्कंडेय गोडचिनमलकीला दोन टप्प्यांत उतरते, घटप्रभा गोकाक फॉल्सला एकाच उडीत ५२ मीटर खाली येते. मग गोकाकजवळ त्यांची भेट होते. दोन धबधब्यांच्या मध्ये राहतो तो एक रुंद, सपाट माथ्याचा, उघडा डोंगर. आम्ही ठरवले की मलकीहून निघायचे, तो डोंगर पायी ओलांडायचा आणि गोकाकच्या धबधब्यावर उतरायचे. एका दिवसात. एकट्याने.

एकट्याने का, याचे खरे उत्तर जरा लाजिरवाणे आहे. बरोबर कोणी असते तर त्याच्यासमोर धापा टाकाव्या लागल्या असत्या. वय छप्पन्न होते. रोज सकाळी वॅक्सिन डेपोच्या झाडांखालून तीन फेऱ्या मारतो म्हणून आम्ही स्वतःला चालणारे समजत होतो.

दिवस निवडला तो पाडव्याच्या दुसऱ्या दिवसाचा, ७ एप्रिल २०१९, रविवार. परीक्षा संपल्या होत्या. घरी सांगितले की गोकाकला एका जुन्या मित्राकडे जाऊन येतो. गोकाकमध्ये आमचा कोणी मित्र नाही. सौ.नी आदल्या दिवशीच्या पुरणाच्या तीन पोळ्या डब्यात घातल्या, एक मित्रासाठी. ती तिसरी पोळी पुढे कामी आली, पण ते नंतर.

आमच्या शेजारी मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले एक सुभेदार राहतात. नोकरीतली काही वर्षे त्यांनी राजस्थानच्या वाळवंटात काढलेली आहेत. आदल्या संध्याकाळी आम्ही गच्चीवर बूट झटकत असताना त्यांनी कठड्यावरून विचारले, "सर, पाणी किती घेतलासा?"

"दोन लिटर."

"दोन लिटरनं काय होतंय? पाच घ्या. आणि एक सांगतो, पाणी पोटात ठेवायचं, बाटलीत नव्हे. तहान लागायच्या आत प्यायचं. वाळवंटात आमच्यातला एकजण बेशुद्ध पडला तवा त्याच्या बाटलीत पाणी शिल्लक होतं."

पाच लिटर म्हणजे पाठीवर पाच किलो. आम्ही मान डोलावली आणि दोनच बाटल्या भरल्या. शिक्षकाला सल्ला देण्याची सवय असते, घेण्याची नसते.

पहाटेच्या बसने पाच्छापूर, तिथून टमटमने गोडचिनमलकी. सहाला चालायला लागायचे ठरले होते, प्रत्यक्षात आठ वाजले. पहिला उशीर तो. उन्हाळ्यात डोंगर चढायचा तर सकाळचे दोन तास म्हणजे सोने असते. ते आम्ही टमटममध्ये बाकीचे उतारू भरण्याची वाट पाहण्यात घालवले.

मलकीचा धबधबा त्या दिवशी नव्हताच. पावसाळ्यात जिथून लाल पाणी कोसळते तो कडा कोरडा होता, खालच्या डोहात थोडे हिरवे पाणी होते आणि एक खंड्या त्यावर नजर ठेवून बसला होता. पण दगड पाहण्यासारखा होता. आपल्या बेळगावचा दगड काळा, नाहीतर लाल जांभा. इथला वालुकाश्म. गुलाबी, पांढरा, कुठे पिवळसर, थरावर थर ठेवलेला, जणू कोणी फरश्या रचून ठेवल्यात. आपला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. हा वालुकाश्म त्याच्यापेक्षा कितीतरी जुना, उथळ पाण्याच्या तळाशी साठलेल्या वाळूचा. एका फरशीवर पाण्याच्या लहरींच्या खुणा जशाच्या तशा दगड होऊन बसलेल्या होत्या. आम्ही गुडघे टेकून त्यांच्यावरून हात फिरवला. वर्गात ज्या गोष्टीसाठी आम्ही वहीचा कागद चुरगळून दाखवतो ती इथे पायाखाली होती. अर्धा तास तिथेच गेला. त्या अर्ध्या तासाचा मात्र आम्हाला पश्चात्ताप नाही.

मग चढ. वाट गुराढोरांची होती, म्हणजे पन्नास वाटा होत्या. झाडी म्हणावी अशी नाहीच. बोराटी, तरवड, खुरटी बाभूळ, निवडुंग आणि गुडघ्याइतके वाळलेले कुसळी गवत. हे कुसळ मोज्यात शिरते आणि शिवणकाम केल्यासारखे आत जाते. दर दहा मिनिटांनी थांबून मोजे उपसावे लागत होते. वर पोहोचलो तेव्हा साडेदहा झाले होते आणि समोर सपाट माथा पसरला होता. सावली म्हणून जी होती ती आमची स्वतःची, तीही आखडत चाललेली.

वालुकाश्माच्या माथ्याची एक गंमत आहे. पाऊस पडला की पाणी दगडावरून घसरते, फटींतून खाली उतरते आणि कुठेतरी कड्याच्या पायथ्याशी बाहेर येते. माथ्यावर माती वीतभर, ती पाणी धरीत नाही. म्हणून या डोंगरात पाऊस पडत असूनही उन्हाळ्यात त्याचे वाळवंट होते. पाणी असते, पण डोंगराच्या मुळाशी. वर चालणाऱ्याला ते ऐकूही येत नाही. हे सगळे आम्हाला पाठ होते. परीक्षेत विचारले असते तर पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

पहिला तास छान गेला. मोर ओरडत होते. एक घार आमच्यावर लक्ष ठेवून होती. आम्ही मोठ्याने पाढे म्हणत चाललो होतो, कोणी ऐकणारे नव्हते. आणि पाणी वाचवत होतो. आता घोट घेतला तर दुपारी काय, असा आमचा काटकसरी हिशेब. नळ चार दिवसांआड येणाऱ्या गल्लीत आयुष्य गेले की पाणी राखून वापरणे हाडात मुरते. पिंपात ते शहाणपण आहे. उन्हात चालताना नाही. कडक उन्हात चढउतारावर चालणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला पाऊण-एक लिटर घाम सहज जातो. तो तुम्ही पाणी प्या किंवा न प्या, जातोच. अंगातले पाणी संपत जाते आणि बाटलीतले शिल्लक राहते. त्यात आम्ही अकरा वाजता पुरणाच्या दोन पोळ्या खाल्ल्या. गोडाने तहान वाढते हे लहान मुलालाही कळते.

बाराच्या सुमारास वाट हरवली. हरवली म्हणजे काय, वाटा होत्याच, पण प्रत्येक वाट एखाद्या घळीच्या तोंडाशी जाऊन संपत होती. परत फिरायचे, दुसरी धरायची. मोबाईलमधला नकाशा आम्हाला एका पांढऱ्या कागदावरचा निळा ठिपका दाखवत होता. साडेबाराला पहिली बाटली संपली, दीडला दुसरी. शेवटचा घोट कोमट होता, प्लास्टिकच्या वासाचा.

आणि मग आम्ही कड्यावर पोहोचलो. खाली घटप्रभेचे खोरे. उसाचे हिरवे पट्टे, मधून नदीची चकाकी, दूर एका पंपाचा आवाज. पाणी डोळ्यांना दिसत होते आणि मध्ये उभा कडा होता. हिरवे शेत खाली, वर आम्ही. अमेरिकेत ग्रँड कॅन्यन नावाची प्रचंड घळ आहे, तीही थराथरांच्या दगडाची. तळाशी कोलोरॅडो नदी वाहते. तिथे वरच पाट्या लावलेल्या आहेत की नदीपर्यंत जाऊन एका दिवसात परत यायचा प्रयत्न करू नका. दिसणारी नदी जवळ वाटते, ते खरे नसते. या पाटीचे छायाचित्र आम्ही स्वतः वर्गात दाखवलेले आहे.

इथून पुढचा भाग आम्ही आजवर सांगितलेला नाही.

आम्ही कड्याच्या कडेकडेने उतरण्याची जागा शोधत चाललो. डोके ठणकत होते. मळमळत होते. थोड्या वेळाने लक्षात आले की शर्ट वाळला आहे. सकाळपासून पाठीला चिकटलेला शर्ट कोरडा झाला, याचे आम्हाला बरेच वाटले! अंगावर शहारे आले, एप्रिलच्या दुपारी थंडी वाजल्यासारखे. घाम थांबणे ही चांगली खूण नव्हे. अंग थंड ठेवण्याची शरीराची ताकद संपत आल्याची ती सूचना असते आणि त्यानंतर उष्माघात फार दूर नसतो. हेही आम्हाला माहीत होते. पण माहीत असलेले त्या वेळी डोक्यात नसते. डोक्यात होता एक राग. कोणावर तरी भयंकर राग आला होता. टमटमवाल्यावर, कंग्राळीच्या त्या मुलावर, कुसळांवर. एका दगडाला आम्ही लाथ मारली आणि स्वतःच बसलो.

बसल्यावर मोबाईल पाहिला. दोन रेघा होत्या. फोन लागला असता. घरी लागला असता, मुलाला पुण्याला लागला असता, सुभेदारांना लागला असता. आम्ही नंबर काढला आणि लावला नाही. काय सांगणार होतो? मित्राकडे आहे म्हणून सांगून इथे बसलो आहे? दोन लिटर पाणी नेले होते? खरे सांगावे लागेल म्हणून आम्ही फोन खिशात ठेवला. विद्यार्थी मित्रहो, त्या दिवशीची आमची सर्वांत मोठी चूक पाण्याची नव्हती, ही होती. त्या फोनला लागणारी लाज आणि जीव यांच्या तागडीत आम्ही लाज जड ठरवली आणि तेही शुद्धीत असताना.

मग किती वेळ गेला ते नीट आठवत नाही. घंटेचा आवाज आला. मेंढ्यांच्या गळ्यातली घंटा. आम्ही उठून त्या दिशेने गेलो, दोनदा पडलो. एका खडकाच्या पोटात, थोड्या खोलगट जागी, काठ्या रोवून त्यावर काळी कांबळी पसरलेली होती. तिच्या सावलीत एक म्हातारा धनगर आणि दहा-बारा वर्षांचा मुलगा बसले होते. मेंढ्या डोके एकमेकांच्या पोटाखाली घालून उभ्या होत्या.

आमचे कन्नड बाजारापुरते. भाव विचारण्याइतके. त्या वेळी तेही आठवेना. "अज्जा, नीरु," एवढेच तोंडातून निघाले, तेही घशात अडकत.

म्हाताऱ्याने आमच्याकडे एकदा पाहिले आणि काही न विचारता हाताला धरून कांबळीखाली बसवले. "कुंड्री, कुंड्री." डोक्यावरचा पटका सोडला, त्याचे टोक ओले केले आणि आमच्या मानेवर ठेवले. मग पाण्याची बाटली पुढे केली. शीतपेयाची मोठी बाटली, भोवती ओले गोणपाट शिवलेले. आम्ही ती दोन्ही हातांनी धरून घटाघट प्यायला लागलो तशी त्याने काढून घेतली.

"सावकाश," तो म्हणाला. "सावकाश कुडीरी."

'कुडीरी' म्हणजे प्या हे कळले. 'सावकाश' कळायला काहीच लागले नाही. आमच्या आईने आम्हाला जेवताना हजार वेळा म्हटलेला तो शब्द. आम्हाला एकदम रडू आले. उन्हाने माणूस हळवा होतो म्हणतात, तसे असेल.

एक घोट, थांब. एक घोट, थांब. असे त्याने आम्हाला लहान मुलासारखे पाजले. मग ॲल्युमिनियमच्या किटलीतून ताक दिले, मीठ घातलेले. पाऊण तासाने आम्हाला पुन्हा घाम आला. कपाळावर पहिला थेंब जाणवला तेव्हा म्हातारा मान हलवून हसला. त्यालाही त्याचीच वाट असावी.

"ओब्बरे?" त्याने विचारले. एकटेच?

आम्ही मान डोलावली. तो काही बोलला नाही. मुलाने मात्र आमच्याकडे जसे पाहिले तसे परवा मार्केटात त्या दुसऱ्या मुलाने पाहिले, म्हणून तर हे सगळे आठवले.

ते पाणी कुठले ते त्याने दाखवले. खोलगट जागेच्या मागे, दोन थरांच्या मधल्या फटीतून ओल पाझरत होती. खाली दगडात वाडग्याएवढा खळगा. तो भरायला बराच वेळ लागतो. मेंढ्यांना त्याचा काही उपयोग नाही, माणसांपुरते आहे. म्हणजे आम्ही जे प्यायलो ते त्या दोघांचे सकाळपासून साठवलेले पाणी होते. पाच लिटर पाठीवर जड होतात म्हणणाऱ्या माणसाने.

आम्ही खिशातून शंभराची नोट काढली. त्याने ती घडी करून आमच्याच खिशात घातली. मग आम्हाला डब्यातली तिसरी पोळी आठवली. "होळगी?" मुलगा म्हणाला. त्यांच्याकडेही आदल्या दिवशी युगादीच होती, पण ती दोघे डोंगरात होती. पोळी मुलाने खाल्ली, अर्धी म्हाताऱ्याला देऊन. मित्रासाठी दिलेली पोळी योग्य ठिकाणी गेली असे सौ. पुढे म्हणाल्या.

साडेतीनला म्हातारा आमच्याबरोबर निघाला, मेंढ्या मुलावर सोपवून. त्याने गोणपाटाची बाटली भरून आमच्या हातात दिली. तास-सव्वा तास चालल्यावर कड्यात एक चिंचोळी घळ होती, पायऱ्या खोदल्यासारखे थर. सकाळी आम्ही तिच्या तोंडावरून गेलो असू, दिसली नाही. तिथे त्याने हाताने खाली दाखवले, "सावकाश" म्हणाला आणि वळला. त्याचे नाव विचारायचे राहिले.

गोकाकच्या धबधब्यावर पोहोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. पाणी तिथेही नव्हते, कड्यावरून दोन-चार धारा काय त्या. घोड्याच्या नालेच्या आकाराचा तो उघडा कडा संध्याकाळच्या उजेडात तांबूस दिसत होता. अलीकडे महालिंगेश्वराचे जुने देऊळ, वर झुलता पूल, बाजूला १८८७ पासून या पाण्यावर चाललेली ती जुनी गिरणी. पर्यटक फोटो काढत होते. आम्ही टपरीवर लागोपाठ तीन लिंबूसोडे प्यालो. करदंट घ्यायचे भान होते, घेतले.

घरी पोहोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. नेमका नळ आला होता. सौ. अंगणात पिंप भरत होत्या. आमच्याकडे पाहून त्यांनी नळीही सोडली नाही. "मित्र बरा आहे काय?" एवढेच विचारले. आम्ही पायरीवर बसून सगळे सांगितले. त्यांनी मध्ये एकही शब्द बोलला नाही. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "ती बादली आत न्या." दोन दिवस त्या आमच्याशी त्याहून जास्त बोलल्या नाहीत. सुभेदारांना मात्र दुसऱ्याच दिवशी कळले. कसे, ते आम्ही विचारले नाही.

वर्गात आम्ही काय सांगितले? डोंगर सांगितला, दगडातल्या लहरी सांगितल्या, मोर सांगितले. "वाटेत एका मेंढपाळाशी गप्पा झाल्या, त्याने ताक दिले," असे एक वाक्य होते. मुलांनी टाळ्या वाजवल्या. कंग्राळीच्या मुलाने विचारले, "मग संगम बघितलासा काय?" संगम बघायचा राहिलाच होता.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जो महापूर आला तो सर्वांना आठवत असेल. काकती-कंग्राळीकडे मार्कंडेय शेतांत शिरली, आणि गोकाक शहरात तर दोन्ही नद्यांचे पाणी घराघरांत गेले. ज्या कड्यावर आम्ही थेंब पाहिला नव्हता तिथून चार महिन्यांत किती पाणी गेले असेल! वर्तमानपत्रातले फोटो पाहून मुलांनी हट्ट धरला की सर, आम्हाला तो डोंगर दाखवा. आम्ही संस्थेच्या विश्वस्त मंडळाकडे सहलीसाठी अर्ज केला. त्यात लिहिले, 'सदर वाट अर्जदाराने स्वतः चालून पाहिली असून काळजीचे कारण नाही.' मंडळाने विश्वास ठेवून परवानगी दिली. त्यातले काही विश्वस्त आजही मंडळावर आहेत आणि हा अंक त्यांच्या हाती जाईल. ते वाक्य अर्धवट होते. त्याबद्दल आम्ही त्यांची आणि त्या वर्षीच्या पालकांची क्षमा मागतो.

सहल डिसेंबरात झाली. अर्जात काय लिहावे हे आम्हाला कळले नसले तरी काय करावे हे कळले होते. माथा ओलांडायचा बेत आम्ही सोडला. योगीकोळ्ळच्या मल्लिकार्जुनाच्या देवळापर्यंत गाडीने गेलो आणि तिथल्या घळीत सकाळी तेवढे दोन तास चाललो. टेंपोत पाण्याचे कॅन होते. प्रत्येकाकडे दोन बाटल्या, आणि शिट्टी झाली की सर्वांनी प्यायचे, तहान असो वा नसो. बरोबर आणखी दोन शिक्षक आणि सुभेदार, जे स्वतःहून आले आणि दिवसभर आमच्याकडे पाहून मिशीत हसत राहिले. परतताना गोकाकजवळ नदीकाठी गाडी थांबवून मुलांना संगमाची दिशा दाखवली. म्हाताऱ्या धनगराची चौकशी आम्ही देवळापाशी आणि फॉल्सवरच्या टपरीवर केली. नाव माहीत नसलेल्या माणसाची चौकशी कशी करणार? "कुरुबर अज्जा? इथं शंभर आहेत," टपरीवाला म्हणाला. गोणपाटाची बाटली आम्ही परत द्यायला नेली होती, ती तशीच परत आणली.

देवळाच्या पायऱ्यांवर मुले डबे खात होती. आम्ही रांगेच्या एका टोकापासून बाटल्या पाहत निघालो, कोणाची भरलेली, कोणाची अर्धी. तिसऱ्यांदा पाहत होतो. नववीतली एक मुलगी म्हणाली, "सर, तुम्ही आमच्या बाटल्या सारख्या काय मोजतासा ओ?"

"हिशेबाची सवय," आम्ही म्हणालो आणि पुढच्या बाटलीकडे गेलो. ती मुलगी आता शिकून बाहेरगावी आहे, पण तिचा धाकटा भाऊ याच शाळेत आहे, म्हणजे हा अंक तिच्या घरी जाईल.